नजर मोजा, पण शिकवण्यासाठी: आरोग्य विज्ञान विद्यापीठाला खुले पत्र

प्रति,
मा. कुलगुरू आणि शल्यचिकित्सा विषयाच्या अभ्यासमंडळाचे सर्व सदस्य,
महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक

सप्रेम नमस्कार,

राज्यातल्या एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात मी जनरल सर्जरी शिकवते. हे पत्र मी खासगीतही पाठवू शकले असते. पण ज्यांच्याबद्दल ते आहे त्या रेसिडेंट डॉक्टरांनी ते वाचावं, आणि ज्यांच्या पोटात हे रेसिडेंट उद्या दुर्बीण घालणार आहेत त्यांनीही वाचावं असं वाटलं, म्हणून उघडपणे लिहितेय.

सर्जरीच्या परिषदांमध्ये आणि जर्नलांमध्ये आय ट्रॅकिंगचा विषय आता वारंवार येतो. ऑपरेशन करताना सर्जन नेमका कुठे बघतो, किती वेळ बघतो, तिथून नजर कुठे नेतो हे कॅमेऱ्याने टिपायचं आणि त्यावरून तो नवशिका आहे की तयार आहे हे ओळखायचं, अशी ही पद्धत. आज ना उद्या हा विषय आपल्या मंडळाच्या बैठकीत येणारच. तो येण्याआधीच लिहितेय, कारण एकदा निविदा निघाली आणि खोकी उघडली की यंत्र कशासाठी वापरायचं याची चर्चा मागे पडते. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगते. ही यंत्रं आणा आणि शिकवायला मनापासून वापरा. पण पास-नापास ठरवताना, ग्रेड देताना, कुणाला ऑपरेशनची परवानगी द्यायची हे ठरवताना त्यांचा आकडा आज तरी वापरू नका.

आधी आपली सध्याची परीक्षा बघू. एम.एस.चा, म्हणजे सर्जरीच्या पदव्युत्तर पदवीचा, विद्यार्थी तीन वर्षं राबतो. शेवटी थिअरीचे पेपर होतात आणि मग प्रॅक्टिकल: लाँग केस, शॉर्ट केस, वॉर्ड राउंड, टेबलावर एक्स-रे, इन्स्ट्रुमेंट्स, स्पेसिमेन. पेशंटला तपासणं, विचार करणं, बोलणं, सगळं तपासलं जातं. पण तो टाका कसा घालतो, टिश्यू कसा हाताळतो, रक्त आलं की काय करतो, हे बाहेरून आलेल्या परीक्षकाला क्वचितच दिसतं. त्यासाठी आपण लॉगबुकवर विसंबतो. त्यात ऑपरेशन पाहिलं, असिस्ट केलं, देखरेखीखाली केलं की स्वतंत्रपणे केलं हे लिहिलेलं असतं. किती केली ते त्यातून कळतं, कशी केली ते कळत नाही. उरतं ते युनिट हेडचं मत. 'हात चांगला आहे' किंवा 'अजून वेळ लागेल', एवढंच. ते मत बहुतेक वेळा बरोबर असतं असा माझा अनुभव आहे. पण ते कुठे लिहिलं जात नाही, त्याचं कारण विद्यार्थ्याला सांगितलं जात नाही, आणि युनिट बदललं की मतही बदलतं.

हातातल्या कौशल्याने फरक पडतो की नाही, हा प्रश्न आता उरलेला नाही. २०१३ साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात जॉन बर्कमायर आणि सहकाऱ्यांनी वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या २० सर्जनांचे व्हिडिओ मागवले. प्रत्येक व्हिडिओ, करणाऱ्याचं नाव झाकून, किमान दहा सर्जनांनी बघितला आणि गुण दिले. सर्वांत कमी गुण मिळालेल्या गटाच्या पेशंटांमध्ये १४.५ टक्के जणांना गुंतागुंत झाली, तर सर्वांत जास्त गुणवाल्यांच्या पेशंटांमध्ये ५.२ टक्के. मृत्यूचं प्रमाणही पहिल्या गटात ०.२६ टक्के आणि दुसऱ्या गटात ०.०५ टक्के होतं. हे सगळे प्रॅक्टिस करणारे, पदव्या मिळवलेले सर्जन होते, कुणी जेआर-वन, म्हणजे पहिल्या वर्षाचा रेसिडेंट, नव्हता. त्यामुळे कौशल्य वस्तुनिष्ठपणे मोजण्याची इच्छा योग्यच आहे आणि ती माझीही आहे.

आता नजरेकडे येते. पोट उघडून ऑपरेशन करताना डोळे आणि हात एकाच जागी असतात. दुर्बिणीने करताना हात पोटाच्या वर आणि डोळे समोरच्या स्क्रीनवर. काय किती खोल आहे ते कळत नाही, आणि पोटावरच्या पोर्टच्या छिद्रावर इन्स्ट्रुमेंट टेकलेलं असल्यामुळे हात उजवीकडे नेला की टोक डावीकडे जातं. आपल्या राज्याचा या शस्त्रक्रियेशी जुना संबंध आहे. ३१ मे १९९० रोजी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी दुर्बिणीने पित्ताशय काढलं. देशातली ती पहिली अशी शस्त्रक्रिया होती. आज तालुक्याच्या गावातही लॅप कोली, म्हणजे दुर्बिणीने पित्ताशय काढणं, होते. पण डोळा आणि हात यांची नवी जोडणी मेंदूला शिकवावी लागते, ती कशी शिकवायची याचा आपण फारसा विचार केला नाही. रेसिडेंट शेजारी उभं राहून, कॅमेरा धरून, वर्षानुवर्षं बघून शिकतो. आम्ही शिक्षक ओरडतो, 'अरे, कुठं बघतोयस?' तो खरंच कुठे बघतोय हे मात्र आम्हाला दिसत नसतं.

आय ट्रॅकर हेच दाखवतो. यंत्र तसं साधं आहे. डोळ्यावर अगदी मंद, न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश टाकतात. बुबुळाच्या पारदर्शक पृष्ठभागावर त्याचा एक चमकता ठिपका पडतो. तो ठिपका आणि बाहुलीचा मध्य यांच्यातलं अंतर नजर फिरेल तसं बदलतं आणि कॅमेरा ते सेकंदाला कितीतरी वेळा टिपतो. सुरुवातीला स्क्रीनवरच्या ठरावीक बिंदूंकडे बघून यंत्र त्या माणसाच्या डोळ्यांशी जुळवून घ्यावं लागतं. आपल्याला एका वेळी स्पष्ट दिसतं ते फारच थोडं, हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या नखाएवढं. म्हणून डोळा उड्या मारत जातो: साधारण पाव सेकंद एका जागी थांबतो, की लगेच पुढे. कुठे थांबला, किती थांबला, कोणत्या क्रमाने गेला, याचा नकाशा काढता येतो. शिवाय बाहुलीचा आकार मिळतो. मनावर कामाचा ताण वाढला की बाहुली मोठी होते. १९६४ साली एकहार्ड हेस आणि जेम्स पोल्ट यांनी लोकांना गुणाकार करायला लावून हे दाखवलं होतं.

आमच्या स्किल लॅबमध्ये, म्हणजे सरावाच्या खोलीत, अभियांत्रिकीतल्या एका स्नेह्यांनी आय ट्रॅकरची अशी एक पट्टी मॉनिटरखाली बसवून दिली. फुटपट्टीएवढी, काळी. बॉक्स ट्रेनरवरचं, म्हणजे सरावाच्या खोक्यावरचं, नेहमीचं काम: ग्रास्परने (लांब दांड्याच्या चिमट्याने) रबरी रिंग खुंटीवरून उचलायची, हवेतच दुसऱ्या हातातल्या ग्रास्परला द्यायची, पलीकडच्या खुंटीवर ठेवायची. रेकॉर्डिंगमध्ये नजरेच्या जागी हिरवं वर्तुळ दिसतं. नुकत्याच रुजू झालेल्या जेआर-वन मुलीचं वर्तुळ ग्रास्परच्या टोकाला चिकटून होतं. टोक हललं की वर्तुळ हलायचं. रिंग या हातातून त्या हातात देताना ते डावीकडे-उजवीकडे, डावीकडे-उजवीकडे असं धावत राहिलं, आणि रिंग पडली. मग तिसऱ्या वर्षाच्या रजिस्ट्रारचं रेकॉर्डिंग लावलं. त्याचं वर्तुळ सरळ रिंगवर जाऊन थांबलं. ग्रास्पर नंतर तिथे पोचला. रिंग पुरती उचलली जायच्या आधीच वर्तुळ पुढच्या खुंटीवर जाऊन बसलेलं. ती मुलगी दोन्ही रेकॉर्डिंग बघून म्हणाली, 'मॅडम, मी तर पूर्ण वेळ माझ्या हत्याराकडेच बघत होते.' तिला हे मी महिनाभर तोंडाने सांगत होते. सुईत दोरा ओवताना बोटांकडे कुणी बघत नाही, भोकाकडेच बघतात, असंही सांगून झालं होतं. स्वतःची नजर स्क्रीनवर दिसली तेव्हा तिला ते पटलं. दुसऱ्या दिवशीपासून ती रिंगकडे बघायला लागली.

आम्हाला दिसलं ते जगात आधीच नोंदलं गेलं आहे. २००४ साली कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठात बेंजामिन लॉ, स्टेला अ‍ॅटकिन्स आणि सहकाऱ्यांनी दुर्बिणीच्या आभासी सिम्युलेटरवर पाच तज्ज्ञ आणि पाच नवशिके बसवले. तज्ज्ञांची नजर लक्ष्यावर टिकायची, नवशिक्यांची हत्याराच्या मागे फिरायची. इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठात मार्क विल्सन आणि सॅम्युएल वाइन यांना २०१० साली असाच फरक दिसला. त्याच वर्षी न्यूयॉर्क परिसरातल्या ली रिचस्टोन यांच्या गटाने २१ सर्जनांच्या नजरेवरून तज्ज्ञ कोण आणि तज्ज्ञ नसलेला कोण हे संगणकाला ओळखायला लावलं. सिम्युलेटरवर संगणकाचं उत्तर दहापैकी नऊ वेळा बरोबर आलं. खऱ्या ऑपरेशनमध्ये एका गणिती पद्धतीने ते सुमारे ८१ टक्के बरोबर होतं आणि दुसऱ्या पद्धतीने सुमारे ९१ टक्के.

हे आकडे मोहात पाडणारे आहेत. म्हणूनच ते कशाचे आहेत हे नीट बघायला हवं. त्याआधी नजर शिकवणं का गरजेचं आहे ते एका उदाहरणाने सांगते, कारण तिथे माझा जीव अडकलाय.

लॅप कोलीत सर्वांना धास्ती असते ती मुख्य पित्तनलिका कापली जाण्याची. प्रमाण कमी, हजारात तीन-चार-पाच, पण ज्याला होतं त्याचं आयुष्य बदलून जातं. पुन्हा पुन्हा ऑपरेशन, कावीळ, नळ्या, कर्ज. असे पेशंट बाहेरून आमच्याकडे येतात. पिवळे डोळे, कुशीला पित्त गोळा करणारी प्लास्टिकची पिशवी, सोबत शेत गहाण टाकून आलेला नवरा किंवा भाऊ. आपण समजतो सर्जनचा हात चुकला. २००३ साली लॉरेन्स वे आणि सहकाऱ्यांनी अशा २५२ इजांचा अभ्यास केला. त्यांना आढळलं की ९७ टक्के इजांच्या मुळाशी डोळ्यांची फसगत होती. सर्जनने मुख्य नलिका बघितली आणि तिलाच सिस्टिक डक्ट, म्हणजे पित्ताशयाची छोटी नळी, समजला. मग शांतपणे, सफाईने क्लिप लावून कापली. हाताच्या कौशल्याची उणीव जेमतेम तीन टक्क्यांत. म्हणून तर स्टीव्हन स्ट्रासबर्ग यांनी १९९५ साली घालून दिलेली शिस्त आपण घोकून घेतो: कॅलोटचा त्रिकोण, म्हणजे पित्ताशयाच्या नळीजवळचा यकृताखालचा भाग, चरबी आणि तंतूंपासून मोकळा करा, पित्ताशयाचा खालचा भाग यकृतापासून सोडवा, पित्ताशयात जाणाऱ्या फक्त दोनच गोष्टी दिसल्या पाहिजेत, त्याशिवाय काहीही कापायचं नाही. ही सगळी बघण्याची शिस्त आहे. पण रेसिडेंट तिथे कसा बघतो, पुढून बघून झाल्यावर मागची बाजू बघतो का, हातातल्या हुकच्या टोकावरच खिळून राहतो का, हे आम्ही कधी तपासलेलंच नाही.

नजर शिकवता येते याचा पुरावाही आहे. कॅलगरी विद्यापीठातल्या जोन विकर्स यांनी बास्केटबॉलचा फ्री थ्रो टाकणाऱ्या खेळाडूंमध्ये दाखवलं होतं की निष्णात खेळाडूची नजर कृतीच्या आधी लक्ष्यावर शांत थांबते. विल्सन आणि वाइन यांनी २०११ साली हे सर्जरीत आणलं. दुर्बिणीला कधी हात न लावलेल्या ३० शिकाऊंचे तीन गट केले. एकाला तज्ज्ञाची नजर दाखवून कुठे बघायचं ते शिकवलं, दुसऱ्याला हाताच्या हालचाली शिकवल्या, तिसऱ्याला आपापलं शिकू दिलं. नजर शिकलेला गट लवकर तयार झाला, आणि काम करता करता दुसरं व्यवधान दिलं तरी त्यांचं काम ढासळलं नाही. हे दुसरं मला जास्त मोलाचं वाटतं. आपल्या थिएटरमध्ये व्यवधानं कमी नसतात. फोन वाजतो, कॅज्युअल्टीचा कॉल येतो, भूलतज्ज्ञ प्रेशर पडलं म्हणून सांगतात.

मग परीक्षेला का नको?

वरचे अभ्यास पुन्हा बघा. पाच आणि पाच. एकवीस. तुलना कुणाची? अगदी नवख्याची मुरलेल्याशी. हा फरक थिएटरमधल्या सिस्टरलाही दोन मिनिटांत कळतो, त्याला यंत्र लागत नाही. परीक्षकासमोर प्रश्न वेगळा असतो. तिसऱ्या वर्षाचे दोन विद्यार्थी उभे आहेत, दोघंही चांगले, त्यांतला एक स्वतंत्रपणे ऑपरेशन करायला तयार आहे, दुसऱ्याला अजून सहा महिने हवेत. कोणता कोण? दोन टोकं ओळखणारं यंत्र मधली माणसंही ओळखेल असं गृहीत धरता येणार नाही.

दुसरी गोष्ट याहून खोल आहे. या अभ्यासांत तज्ज्ञ कुणाला म्हटलं? बहुतेक वेळा ज्याची वर्षं जास्त झाली किंवा ज्याने जास्त ऑपरेशनं केली त्याला. त्याच्या पेशंटांचं पुढे काय झालं हे त्यात मोजलेलं नसतं. मिशिगनच्या अभ्यासाने तर दाखवलं की अनुभवी सर्जनांमध्येही कौशल्याचं अंतर मोठं असतं. ज्येष्ठांच्या नजरेवर यंत्राला शिकवलं तर ते ज्येष्ठता ओळखायला शिकेल. आणि ज्येष्ठतेला आपल्याकडे आधीच पुरेसे गुण मिळतात.

तिसरी गोष्ट, डोळा जिथे टेकला तिथलं दिसलंच असं नाही. २०१३ साली ट्रॅफ्टन ड्र्यू, मेलिसा व्हो आणि जेरेमी वुल्फ यांनी २४ रेडिओलॉजिस्टना छातीचे सीटी स्कॅन देऊन फुप्फुसातल्या गाठी शोधायला सांगितलं. शेवटच्या स्कॅनमध्ये त्यांनी गोरिलाचं चित्र घातलं होतं, सरासरी गाठीच्या ४८ पट मोठं. वीस जणांना ते दिसलं नाही. आय ट्रॅकरची नोंद सांगते की त्या वीसांपैकी निम्म्याहून जास्त जणांची नजर थेट गोरिलावर जाऊन आली होती. पित्तनलिकेबाबतही हेच होतं. नलिका चुकीची ओळखणारा सर्जन तिच्याकडेच बघत असतो. आय ट्रॅकर त्याला 'लक्ष्यावर स्थिर नजर' म्हणून पूर्ण गुण देईल.

यंत्राच्या मर्यादा तर रोज दिसतात. नजरेची जागा ठरवताना एका अंशाची चूक ही यंत्रासाठी मोठी चूक मानत नाहीत. दीड मीटरवरच्या स्क्रीनवर एक अंश म्हणजे अडीच सेंटिमीटरहून जास्त. नलिका आणि तिच्या शेजारची धमनी यांच्यात स्क्रीनवर कधी कधी तेवढंही अंतर नसतं. चष्म्याच्या काचेवर इन्फ्रारेड प्रकाशाची चमक येते. मास्क वर सरकला की चष्मा हलतो आणि सुरुवातीला केलेली जुळवणी बिघडते. पापणी जड असेल तर बाहुली झाकली जाते. आमच्याकडे एका विद्यार्थिनीची नोंद सारखी तुटत होती. खूप वेळाने लक्षात आलं, तिच्या डोळ्यांत काजळ होतं, आणि यंत्र काजळाच्या काळ्या रेघेलाच बाहुली समजत होतं. लॅबमध्ये आम्ही ते पुसायला सांगितलं आणि पुढे गेलो. परीक्षेच्या दिवशी असं झालं असतं तर तिच्या निकालपत्रावर फक्त एक कमी आकडा उमटला असता, आणि तो काजळाचा आहे हे कुणालाच कळलं नसतं.

बाहुलीच्या आकारावरून ताण मोजून गुण द्यायचे, असाही सूर ऐकू येतो. त्याला माझा ठाम विरोध आहे. बाहुली उजेडाने बदलते. स्क्रीनवर पांढरं आतड्याचं पटल आलं की लहान, रक्त साचून चित्र काळवंडलं की मोठी. रात्रभर कॅज्युअल्टी करून सकाळी ऑपरेशनच्या लिस्टला उभ्या राहिलेल्या मुलाची बाहुली झोपेची नोंद देईल, कौशल्याची नाही. आणि बॉस मागे उभे आहेत याची भीती? तीही त्याच आकड्यात मिसळते. आधी रेसिडेंटच्या ड्यूटीचे तास माणसाला झेपतील असे करू, मग त्याच्या बाहुलीकडे वळू.

आणखी एक. चांगला सर्जन फक्त स्क्रीनकडे बघत नाही. सायमन फ्रेझरच्याच गटाने पुढे सिम्युलेटरशेजारी पेशंटच्या नाडी-प्रेशरचा मॉनिटर ठेवून बघितलं. अनुभवी सर्जन अधूनमधून तिकडे कटाक्ष टाकत होते, नवशिके ऑपरेशनच्या चित्रातच अडकलेले होते. म्हणजे एका ठिकाणी नजर स्थिर असणं गुण, आणि दुसऱ्या ठिकाणी नजर हटणं गुण. कधी काय हवं हे प्रसंगावर ठरतं, पेशंटवर ठरतं. ते एका आकड्यात बसवायला गेलं की विद्यार्थी त्या आकड्यासाठी नजर वळवायला शिकतील. आपल्या मुलांना परीक्षेची तयारी कशी करायची हे उत्तम कळतं. महिन्याभरात क्लास निघतील, 'दर चाळीस सेकंदांनी डावीकडे बघा' असं शिकवणारे. मग त्या नोंदीतून शिकवण्यासाठीही काही हाती लागणार नाही.

नोंद कुणाच्या मालकीची, हा प्रश्न मी शेवटी ठेवला असला तरी तो लहान नाही. डोळ्याच्या कॅमेऱ्यात बुबुळाची ठेवण येते, जिच्यावर आपलं आधार उघडतं. त्यातून थकवा कळतो, डोळ्यांचे काही आजार कळू शकतात. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमती मागतो. पण ज्याच्या हातात आपली डिग्री आहे त्या विभागप्रमुखाने पुढे केलेल्या फॉर्मवर रेसिडेंट सही करतो, तिला संमती म्हणावं का? उद्या एखाद्या पेशंटच्या खटल्यात, तीन वर्षांपूर्वीच्या सराव सत्रात याची नजर विस्कळीत होती, म्हणून ती नोंद काढली गेली तर? अशी शक्यता आहे एवढं कळलं तरी एकही मुलगा त्या पट्टीसमोर मोकळेपणाने चुका करणार नाही. आणि सराव तर चुका करण्यासाठीच असतो.

मग विद्यापीठाने काय करावं, याबद्दल माझ्या विनंत्या आहेत. पदव्युत्तर शिक्षणाचे मूळ नियम दिल्लीत राष्ट्रीय वैद्यकीय आयोग करतो, याची मला कल्पना आहे. पण परीक्षा घेणं, परीक्षक नेमणं, शिक्षकांना तयार करणं आपल्या हातात आहे. आणि राज्यातली बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयं एका छत्राखाली असलेलं विद्यापीठ ही मोठी ताकद आहे. पाच आणि पाच माणसांवर कुणाला थांबावं लागत असेल, आपल्याला थांबायची गरज नाही.

सर्वांत आधी साधं काम करा, ज्याला आय ट्रॅकर लागत नाही. दुर्बिणीच्या ऑपरेशनचा व्हिडिओ आपोआप तयार होतच असतो. पेशंटच्या परवानगीने, पेशंट आणि रेसिडेंट दोघांचीही ओळख झाकून, प्रत्येक रेसिडेंटच्या वर्षातल्या काही शस्त्रक्रिया दुसऱ्या महाविद्यालयातल्या शिक्षकांकडून बघून घ्या. कशाला किती गुण द्यायचे याची घडण टोरंटोच्या रिचर्ड रेझनिक यांच्या गटाने १९९७ सालीच करून ठेवली आहे: टिश्यूचा आदर, हालचालींची काटकसर, हत्यारं हाताळणं, ऑपरेशनचा ओघ, असिस्टंटचा वापर. त्यात भर घालून, सुधारून, आपल्या थिएटरांना साजेसं करून घेता येईल. गुणांसोबत दोन ओळी लेखी अभिप्राय सक्तीचा करा. रेसिडेंटला कळू दे की 'अजून वेळ लागेल' म्हणजे नेमकं काय.

आय ट्रॅकर स्किल लॅबमध्ये ठेवा, आणि आधी स्किल लॅबचं कुलूप काढा. मी पाहिलेल्या काही ठिकाणी सिम्युलेटर प्लास्टिकच्या कव्हरखाली आहे आणि किल्ली ऑफिसात. ती खोली ड्यूटी संपल्यावर, रात्री, रविवारी उघडी राहिली तर निम्मं काम तिथेच होईल. नोंद रेसिडेंटच्या मालकीची असू द्या. त्याने दाखवली तर शिक्षकाने बघावी, नको म्हटलं तर पुसली जावी. अंतर्गत मूल्यमापनाच्या फाईलमध्ये ती जाणार नाही हे विद्यापीठाने परिपत्रक काढून लेखी सांगावं. तोंडी आश्वासन कुणाला पुरणार नाही.

ज्येष्ठांच्या नजरेचा संग्रह करा, हे मी विशेष आग्रहाने सांगते. मुंबईत, पुण्यात, नागपुरात, मिरजेत, अंबाजोगाईत अशी माणसं आहेत ज्यांनी हजारो पित्ताशयं काढली. पुढच्या काही वर्षांत ती निवृत्त होतील. कॅलोटच्या त्रिकोणात ती कुठे थांबतात, कुठे मागे फिरून बघतात, कोणत्या क्षणी 'हे बरोबर दिसत नाही' म्हणून हात आखडता घेतात, हे त्यांच्या नजरेच्या खुणेसकट आणि त्यांच्याच आवाजात, आपण थिएटरमध्ये बोलतो त्या मराठीत टिपून ठेवता येईल. नुसता व्हिडिओ हात दाखवतो. यात बघणंही दिसेल. पहिल्या वर्षाच्या मुलाने थिएटरमध्ये कॅमेरा धरण्याआधी हे बघितलं, तर तो कॅमेरासुद्धा वेगळा धरेल.

आणि परीक्षेचा विचार करायचाच असेल तर आधी अभ्यास होऊ द्या. अनेक महाविद्यालयांत, सगळ्या वर्षांच्या रेसिडेंटांवर, चष्मेवाल्यांना आणि डावखुऱ्यांना न वगळता, तज्ज्ञ कोण हे पदावरून न ठरवता पेशंटांच्या निकालावरून ठरवून. त्यात जो आकडा टिकेल त्यावर चर्चा करू. जो टिकणार नाही त्याचा अहवालही प्रसिद्ध करा, म्हणजे पुढची निविदा काढणाऱ्याला तो वाचता येईल.

शेवटची विनंती शिक्षकांबद्दल. यंत्र आलं की पहिल्यांदा आम्ही बसायचं. प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक, युनिट हेड, सगळ्यांनी, रेसिडेंटांसमोर, आमचं हिरवं वर्तुळ पडद्यावर दिसत असताना. ते कुठे भरकटतं हे मुलांनी बघू दे. मी आणि माझ्या विभागातले दोन सहकारी त्यासाठी नाव द्यायला तयार आहोत. पट्टी, लॅपटॉप आणि आत्तापर्यंतच्या नोंदी काढण्याची पद्धत, जे काही आमच्याकडे आहे ते मंडळापुढे मांडू. नाशिकला यायला सांगाल त्या दिवशी येऊ. फक्त तो आमच्या ऑपरेशनचा वार नसावा, एवढं बघा.

आपली,
जनरल सर्जरीची एक शिक्षिका